नारूवरचं पान

धाकूच्या पायाला फोड आला तेव्हा मथुरेनं त्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. ज्येष्ठ सरत आला होता. भाताच्या रोपांची दाढ तरारून उपटणीला आली होती, आणि चिखलात वावरणाऱ्या माणसाच्या पायाला फोड काय, यायचेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू पडवीतून उठेना. घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, कुणी निखारा धरून ठेवल्यासारखं जळतंय म्हणाला. मथुरेनं खाली बसून पाय मांडीवर घेतला, अंगठ्यानं चाचपून पाहिला. कातडीखाली सुतासारखं काहीतरी आडवं लागलं. तिनं हात काढून घेतला.

"नारू हाय," ती म्हणाली.

"म्हाईत हाय मला," धाकू भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाला. "रातीच कळलं."

सडेगावाला नारू नवा नव्हता. मंडणगडच्या डोंगरउतारावरचं ते कुणब्यांचं गाव. वर कातळाचा सडा, खाली टप्प्याटप्प्यानं उतरत गेलेली भाताची खाचरं. दरसाल लावणीच्या तोंडावर तिथं कुणा ना कुणाच्या घरात माणूस आडवं व्हायचंच. घरी पाहुणा आल्यासारखे लोक सांगायचे, यंदा आमच्याकडं आलाय. नारूनं माणूस सहसा मरत नसे, पण हंगाम मरायचा. फोड फुटला की आतून पांढरा, दोऱ्यासारखा किडा टोक काढायचा. ते टोक काडीला गुंडाळून ठेवायचं आणि रोज येईल तेवढंच, बोटभर, हलक्या हातानं ओढून घ्यायचं. घाई केली आणि मधेच तुटला, की तो पाय आपला म्हणू नये.

धाकू मुंबईला गिरणीत होता. वैशाखात गावी यायचा, लावणी उरकायचा आणि नारळी पुनवेच्या आत परत जायचा. बाकीचं वर्ष मथुरा आणि तिची लहानगी विमला, दोघीच घरात. सासू-सासरे कधीच गेले होते. लावणीचे दिवस म्हणजे मथुरेला वर्षातला काय तो आधार. यंदा तो आधारच पडवीत पडून राहिला.

पहिलं पान घरचंच. रुईचं पान तेल लावून निखाऱ्यावर शेकायचं आणि फोडावर बांधायचं. मथुरेची आई बांधायची, आजी बांधायची. मथुरेनंही बांधलं. जळजळ काही हटेना. तेव्हा धाकू म्हणाला, "मला बावीवर ने गो. पाय थंड पान्यात तरी बुडवतो."

घोडबाव गावाच्या मधोमध होती. जांभ्यात कोरलेली, रुंद पायऱ्यांची. घोडासुद्धा खाली उतरून पाणी पिईल म्हणून ते नाव. वरच्या कोनाड्यात काळकाईचा शेंदूर लावलेला पाषाण, म्हणून बाव देवीची. बायका पाण्याला लागलेल्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरायच्या. धाकू मथुरेच्या खांद्यावर भार टाकून एकेक पायरी उतरला, खाली बसला, पाय पाण्यात सोडला आणि त्यानं डोळे मिटले. किती दिवसांनी त्याच्या कपाळावरची आठी सुटली. मथुरा बघत होती. पाण्यात फोड फुटला. त्यातून दुधासारखं पांढरं काहीतरी निघालं, धुरासारखं पसरलं आणि विरून गेलं. शेजारच्या घरची येसूबाई घागर विसळत होती, तिनंही पाहिलं.

"फुटला बघ. आता येईल भायेर," ती म्हणाली.

मग दोघींनी घागरी भरल्या आणि घरी आणल्या. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. गावात ज्याचा ज्याचा पाय जळला होता, त्यानं तो इथंच थंड केला होता.

लावणी तर कुणासाठी थांबत नाही. एरवी पैऱ्यानं माणसं यायची. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. पण यंदा पैऱ्याच्या घरांतही कुणी ना कुणी पडलेलं. मथुरा उजाडताच इरलं पाठीवर टाकून जाई, दाढ उपटी, मुठी बांधी, त्या वाहून नेई आणि दिवसभर वाकून लावी. संध्याकाळी कमर सरळ करायला गेली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरी येऊन चूल, मग धाकूचा पाय. पाय बघताना तिला कधी कधी वाटायचं, हा पाय धाकूचा नाहीच. आणखी एक जनावर आहे गोठ्यातलं, त्याचंही करायचं.

कुणी म्हणालं, कातकऱ्यांकडं जाऊन बघ. रानाच्या कडेला त्यांच्या चार झोपड्या होत्या, आणि तिथली ठकी कातकरीण मुळ्यासालींची माहितगार. मथुरा पदरात मूठभर सुकट बांधून गेली. ठकीनं सुकट हुंगून बाजूला ठेवली, कोयता उचलला, पावसातच झाडीत शिरली आणि कळलावीचा कंद घेऊन आली, नांगराच्या फाळासारखा वाकडा.

"उगाळून भोवतीनं लाव. जखमेत नको," ती म्हणाली. "आनि हात धुतल्याबिगर भाकर खाल्लीस तर मरशील, हां. आता जाताना मागं बघू नको, कुनाशी बोलू नको."

वाटेत येसूबाईनं दोनदा हाक मारली. मथुरा खाली मान घालून चालत राहिली. येसूबाई त्यावरून पुढं बरेच दिवस रुसून होती.

नारूनं टोक काढलं. कळलावीनं काढलं की त्याची वेळ झाली म्हणून काढलं, देव जाणे. मथुरेनं ते केळीच्या सोपाच्या काडीला गुंडाळलं. पण पाय सुजत चालला होता. खाली खाडीकाठच्या मोहल्ल्यात आमिनाबी होती. तिचा नवरा आगबोटीवर खलाशी, आणि ती दरसाल मथुरेकडून पोहे घ्यायची. तिच्या परसातला शेवगा सुजेवर चालतो असं मथुरेनं ऐकलं होतं. अर्धा दिवस मोडून ती घाटी उतरली. आमिनाबीनं शेवग्याच्या मुळाची साल काढून दिली, मिठाबरोबर वाटून कोमट बांधायला सांगितली, आणि साल हातात देण्याआधी ओठांतल्या ओठांत काही पुटपुटून तिच्यावर फुंकर घातली.

"हे पडलं तर पडलं कामाला, बाय," आमिनाबी म्हणाली. "आमच्याकडंबी तळ्यावरचे दोघे आडवे हायत. त्यांना बांधलंय. अजून उठले नायत, तुला खोटं कशाला सांगू."

तिचा तो खरेपणा मथुरेला त्या दिवशी सोसला नाही. घाटी चढताना तिला रडू आलं.

भटवाडीतल्या सावित्रीकाकूंनी निर्गुडी सांगितली. आधी तीन दिवस नुसतं तूप प्यायचं, मग निर्गुडीच्या पाल्याचा रस. पाला त्यांच्याच कुंपणाचा. त्यांनी ओटीवरून वरच्यावर मथुरेच्या पदरात टाकला. तूप कुठून आणायचं ते काही त्यांनी सांगितलं नाही. टाकताना त्या तोल जाऊन खांबाला टेकल्या, तेव्हा मथुरेला दिसलं, काकूंच्या स्वतःच्या पावलाला फडकं बांधलेलं होतं. त्यांच्याही घरचं पाणी घोडबावीचंच. फक्त पहाटे, सगळ्यांच्या आधी भरलेलं.

मथुरेनं तूप नाही, पण निर्गुडी दिली. साल बांधली. कंद उगाळला. काडी रोज एक वेढा पुढं सरकत होती, आणि धाकूचा धीर रोज एक वेढा मागं.

"गिरनीत माझ्या साच्यावर बदलीवाला उभा हाय," तो म्हणायचा. "नारळी पुनव गेली की तो कायम होनार. तू ह्या किड्याला गोंजारत बस."

"उगी राहा. बराचसा आलाय भायेर."

"तुला काय, तुला लावनीला गडी पायजे."

मथुरेनं पायाचं फडकं पुन्हा बांधलं आणि ती चुलीकडे वळली. 

एका दुपारी ती शेतातून आली तर पडवीत विमला कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, आणि धाकू दोन्ही हातांनी मांडी आवळून कण्हत होता. काडी अंगणात पडली होती. तिला तुटका, वाळलेला दोरा लोंबत होता.

"ओढलंत?" मथुरेनं विचारलं.

धाकूनं मान डोलावली. तो रागावलेला नव्हता आता, घाबरलेला होता.

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते गणपती आले आणि गेले तरी संपलं नाही. पाय मांडीपर्यंत फुगला, काळानिळा पडला, तीन ठिकाणी फुटला. अंगात ताप. धाकू तापात गिरणीच्या भोंग्याचं काहीतरी बरळायचा. मथुरा कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायची, पुन्हा रुई, पुन्हा शेवगा. ज्याचं ज्यानं सांगितलं ते सगळं तिनं केलं. काय कशाला लागू पडतंय याचा विचारही तिनं सोडला होता. हात आपोआप चालायचे.

येसूबाईचा रुसवा एव्हाना निघाला होता. ती पाहायला आली आणि जाताना दारात हळू आवाजात म्हणाली, "महारवाडीत चिमाला इचार. त्यांच्यातलं कुनीच पडत नाय बघ नारूनं. जालीम पान असनार त्यांच्याकडं. सांगत नायत, चोरून ठेवलानी हाय."

मथुरेनं आठवून पाहिलं. खरंच, ओढ्यापलीकडच्या त्या वाडीतलं कुणी लंगडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. चिमा तिच्याच वयाची. गवताचे भारे घेऊन गावात यायची, अंगणाच्या कडेला टाकून जायची. मथुरा अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर उभी राहिली. चिमा आत शेणी थापत होती.

"चिमे, नारूवर कसलं पान बांधता तुमी?"

"कसलंच नाय."

"सांगायचं नसंल तर तसं सांग. पन माझा मानूस कुजाय लागलाय गो."

चिमाचे हात थांबले. "खरंच नाय, बाय. असतं तर दिलं नसतं? आमच्यात येतच नाय नारू. माझ्या सासूच्या पायाला वण होते, तिच्या तरनेपनी यायचा म्हनं. आता नाय."

"मग आता का येत नाय?"

"काय ठावं. एवढं एक दुखनं देव आमच्या वाटनीला घालाया इसरला आसंल."

मथुरा गडग्याला टेकली. घरी जाण्याइतकंही बळ तिच्या पायांत नव्हतं, म्हणूनच ती विचारत राहिली. "खानं काय येगळं हाय तुमचं?"

"नाचनी, वरी. टाकळा, कुर्डू. तुमी खाता तेच. जरा कमी."

"आनि सासूच्या येळेला?"

"तवाबी तेच." चिमा हात पुसत पुढं आली. "पानी तेवढं येगळं. तवा आमची हीर नव्हती. सासू घोडबावीच्या वर मडकं घेऊन बसायची, कुनी खालनं येताना घागरीतलं ओतलं तर ओतलं. दिस दिस बसायची. एकदा सासऱ्याला त्याचा राग आला. तीन उन्हाळे त्यानं हितं कातळ फोडलान, तवा ही हीर झाली."

तिनं बोट केलं तिकडे मथुरेनं पाहिलं. जांभ्यात सरळ खाली गेलेलं अरुंद तोंड, माणूस जेमतेम उतरेल एवढं. पायऱ्या नाहीत. काठावर पोहरा आणि काथ्याचा दोर.

इथं कुणाचा पाय पाण्याला लागत नव्हता, लागायचा तो नुसता पोहरा. मथुरेला घोडबावीची ती पायरी दिसत होती, आणि धाकूच्या पायातून निघून पाण्यात विरलेलं ते पांढरं. त्याच पाण्यात तिनं घागर बुडवली होती. त्याच घागरीतलं विमला रोज पीत होती. मुंबईत नळाचं पाणी. धाकू सांगायचा, गिरणीत कोकणातल्या माणसाखेरीज नारू कुणाला ठाऊकसुद्धा नाही. हे सगळं एकमेकांना जोडलेलं आहे एवढं तिला कळलं. कसं, ते तिला धड सांगता आलं नसतं.

"पानीच हाय, चिमे," ती म्हणाली. "तुमचं बरं हाय."

"बरं हाय?" चिमा हसली नाही. "ये की मग. मी तुझ्या घरात जाते, तू हितं राहा."

मथुरेला आपल्या बोलण्याची लाज वाटली. तरीही ती म्हणाली, "एक घागर देशील रोजची? माझ्या पोरीपुरती?"

"नाय देनार."

"गुपचूप नेईन. कुनाला कळनार नाय."

"कळतंच, बाय. महाडाला आमची मानसं तळ्यावर गेली तवा काय झालं, तुझ्या कानावर आलं आसंल. आमी तुमच्या पान्याला शिवलो, आमची डोकी फुटली. उद्या तू आमच्या पान्याला शिवलीस, तरी डोकी आमचीच फुटनार." ती पुन्हा शेणींकडं वळली. मग पाठमोरीच म्हणाली, "सड्याखाली उंबराच्या मुळात झरा हाय. कातकरी नेतात. आमची हीर आटली की आमीबी नेतो. वाहतं पानी हाय. तितं तुला कोन आडवतंय?"

झरा लांब होता. घोडबावीवर दोन खेपा झाल्या असत्या तेवढ्यात तिकडची एकच व्हायची, आणि परतीची वाट चढणीची. मथुरेनं दुसऱ्या दिवसापासून पिण्याचं पाणी तिथून आणायला सुरुवात केली. चुंबळ डोक्यावर ठेवताना रोज तिच्या मनात यायचं, आज नको, उद्यापासून. आणि रोज ती निघायची. विमलेला तिनं बजावून ठेवलं होतं, बाहेर कुणाकडं पाणी प्यायचं नाही.

धाकूचा ताप दसऱ्याच्या सुमाराला उतरला. कशानं उतरला ते कळलं नाही; ठकीला वाटलं तिच्या कंदानं, आमिनाबीला वाटलं तिच्या सालीनं, आणि मथुरेनं दोघींनाही हो म्हटलं. पण गुडघा धरला तो कायमचा. पाय काठीसारखा सरळ राहिला. गिरणीत बदलीवाला कायम झाल्याचं गावच्याच एकानं येऊन सांगितलं. धाकूनं ऐकलं आणि विडी शिलगावली.

बायकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. घोडबावीवर येसूबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "काय गो, देवीचं पानी गोड लागंना तुला?"

मथुरेनं तिथंच, पायरीवर उभं राहून, जे वाटत होतं ते सांगितलं. पायातलं पाण्यात जातं, पाण्यातलं आपल्या पोटात. निदान नारूवाल्याला तरी खाली उतरू देऊ नका. ती बोलली तेवढा वेळ कुणी घागर भरली नाही. मग एकीनं कोनाड्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, "आई, हिच्या तोंडाकडं बघू नको."

गावकी देवळात बसली. गावकर आप्पा म्हातारा, तसा दुष्ट नव्हे. त्यानं विचारलं, "महार-कातकरी भरतात त्या झऱ्यावर तू भरतेस?"

"वाहत्या पान्याला इटाळ नसतो, आप्पा. तुमीच सांगता."

 आप्पानं इतरांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तसं का होईना. पन देवीच्या पान्याला नाव ठेवलंस. ज्याला ते पानी चालत नाय, त्यानं त्या बावीची पायरी चढू-उतरू नये. आनि तुझ्या घरचं पानी गाव घेनार नाय."

देवीपुढं नारळ ठेवून मथुरा घरी आली. आता पिण्याचंच नव्हे, गुरांचं, भांड्यांचं, न्हाणीचं, सगळं पाणी उंबराच्या मुळातून. येणारंजाणारं माणूस अंगणातूनच बोलून जायचं. गुळाचा खडा आणि तांब्या पुढं केला तर हात मागं घ्यायचं. चुलतदिराच्या लग्नात तिला वाटण वाटायलासुद्धा बसवलं नाही. हे सगळ्यात जास्त धाकूला लागलं.

"सोड तो खुळेपना," तो म्हणाला. "पाय गेला, नोकरी गेली, आता गावबी घालव."

"पोरीचे पाय जाऊ देऊ?"

"काय पुरावा हाय तुझ्याकडं?"

पुरावा नव्हता. होता तो उलटाच निघाला. पुढच्या ज्येष्ठात, दाढ उपटणीला आली त्याच दिवसांत, मथुरेच्या स्वतःच्या पिंढरीवर फोड आला.

तिनं बोटानं चाचपलं, सूत लागलं, आणि ती चुलीपुढं भिंतीला टेकून बसून राहिली. वर्ष होत आलं, एवढी चढण ती चढली होती. पोटात गेलेला नारू वर्षभरानं वर येतो, हा गेल्या पावसाळ्यात प्यायलेल्या बावीच्या पाण्यातलाच, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. रडू आलं नाही. नुसतं वाटलं, आता इथंच बसून राहावं, कुणी उठवू नये. गावात बातमी फिरली. लोक हसले, काही जणांना बरंही वाटलं. येसूबाई गडग्यापलीकडून म्हणाली, "देवीनं दावलान."

दुसऱ्या दिवशी घरात पाणी नव्हतं. विमलेला तहान लागली होती, तिनं दोनदा सांगितलं. मथुरा उठायचा प्रयत्न करत होती, तेवढ्यात अंगणात लाकूड घासल्याचा आवाज आला. धाकूनं माळ्यावरची कावड काढली होती. दोन्ही टोकांना घागरी अडकवून तो ती खांद्यावर तोलत होता. ताठ पाय बाजूला फेकत, दोनदा पडता पडता सावरला.

"कुठं निघालात?" मथुरेनं विचारलं.

"झऱ्यावर."

"तुमचा तर इस्वास नाय."

"इस्वास नायच हाय," तो म्हणाला. "पन मी बसून राह्यलो, तू वाहत राह्यलीस. आता तू बस. आनि त्या काडीला हात लावू नको. मी आल्यावर फिरवीन."

लंगडा गडी कावडीनं पाणी वाहतोय हे बघायला लोक दारात यायचे. धाकू खाली बघत चालायचा. घरी येईपर्यंत अर्धं पाणी हिंदकळून सांडलेलं असायचं, मग तो पुन्हा जायचा. संध्याकाळी मथुरेचा पाय मांडीवर घेऊन तो काडी एक वेढा फिरवायचा, अर्ध्यावर थांबायचा, तिच्या तोंडाकडे बघायचा. कधी कधी पुढं न ओढता तसाच ठेवायचा. लावणी अर्धी झाली, अर्धी खाचरं पडीक राहिली. पण नारू अख्खा बाहेर आला. भाद्रपदात मथुरा दोन्ही पायांवर उभी होती.

त्याच्या पुढच्या वर्षी ज्येष्ठ आला, आषाढ आला. मथुरा रोज सकाळी विमलेचे पाय चाचपायची, मग धाकूचा चांगला पाय, मग स्वतःचे. लावणी संपली. श्रावण आला. कुणाच्याच पायाला काही झालं नाही. तिला वाटलं होतं, असं झालं तर आपण गावात ओरडत सांगू. प्रत्यक्षात तिनं कुणालाच सांगितलं नाही. धाकूला फक्त म्हणाली, "यंदा आला नाय." धाकू म्हणाला, "व्हय," आणि कावडीचा दोर बांधायला घेतला.

त्या वर्षी गावात बरीच माणसं पडली. येसूबाईचे दोन्ही पाय धरले. एका संध्याकाळी ती भिंत धरत धरत मथुरेच्या अंगणात आली आणि पायरीवर बसली.

"तुझ्याकडं कुनी पडलं नाय," ती म्हणाली. "कसलं पान बांधलंस?"

"पान नाय, पानी. तेवा सांगितलं होतं."

"ते ऱ्हाऊ दे गो. पान सांग."

मथुरेनं तिच्याकडे पाहिलं. येसूबाईचे पाय सुजून तुकतुकीत झाले होते, आणि ती विचारत होती ते अगदी मनापासून. समजावायचं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. मथुरा उठली, मागीलदारी जाऊन रुईची पानं तोडून आणली, तेल लावून शेकली आणि दोन्ही पायांना बांधून दिली. जाताना येसूबाईनं तांब्याकडे बघितलं, पण पाणी मागितलं नाही.

आठवडाभरानं मथुरा झऱ्यावर निघाली तर मागून कुणाची तरी चाहूल लागली. येसूबाईची सून राही, कडेवर कळशी घेऊन, बरंच अंतर राखून येत होती. मथुरा थांबली की तीही थांबायची. मथुरेनं मग थांबणं सोडलं.

झऱ्यावर चिमा होती. पावसानं महारवाडीच्या विहिरीचा काठ आत ढासळला होता, त्यामुळे त्यांचंही पाणी सध्या इथूनच. तिनं घागर भरून घेतली, डोक्यावर चढवली आणि उंबराच्या पलीकडं सरून उभी राहिली. राही अजून वाटेवरच थांबली होती. चिमा पुरती बाजूला झाल्यावर ती पुढं आली, ओंजळीनं पाणी घेऊन चिमानं जिथं घागर टेकवली होती तो दगड तिनं धुतला, एकदा, दोनदा, आणि मग त्यावर आपली कळशी ठेवली.

चिमा बघत होती. "धू बाय, धू," ती म्हणाली. "दगडाला तेवढंच न्हान."

राहीनं ऐकलं नाही असं दाखवलं. मथुरेला काहीतरी बोलायचं होतं. पहिले कितीतरी महिने तीही हा दगड असाच धूत असे, आणि ते सोडलं ते काही मोठ्या मनानं नव्हे. इतकी चढण चढायची असताना दगड धुवायचा तिला कंटाळा आला होता. हे चिमाला ठाऊक होतं. राहीला सांगावं की नाही, ते मथुरेला ठरवता येईना.

राहीची कळशी भरली. तिनं ती कडेवर घेतली आणि दोघींकडेही न बघता चढणीला लागली. चिमा ओढ्याकडच्या वाटेनं गेली. मथुरेनं घागर झऱ्याखाली लावली आणि भरेपर्यंत तिथंच दगडावर बसून राहिली.